पुढील अंकी… आणि पुढचा अंक आलाच नाही

मागील अंकात जुन्या चित्रकथांविषयी आम्ही दोन ओळींचे उत्तर दिले होते आणि त्यात ‘अर्धवट सुटलेली मालिका’ असा शब्दप्रयोग सहज येऊन गेला. तेवढ्या शब्दावर भुसावळपासून शहाद्यापर्यंत सगळ्या खानदेशातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. शाळेत असल्यापासून भुसावळ स्थानकावरील पुस्तकांच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक घेत असे. वडिलांनी दाभण-सुतळीने शिवून दिलेली त्यांची बाडे आजही माझ्याजवळ आहेत. १९९० मध्ये अंक येणे थांबले. वेताळाची (म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’ची) गोष्ट तेथेच संपली, की पुढे काही झाले? शिवाय काही कथांत मधलेच काही गाळल्यासारखे वाटते, तो माझा भ्रम आहे काय? (भुसावळ)

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे. तो आपला भ्रम नाही. वेताळाची कथा पुस्तकासाठी रचलेलीच नव्हती. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ती अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू केली तेव्हा तिचे रूप रोजच्या तीन-चार चौकटींच्या पट्टीचे होते, आणि ज्याने कालचे वर्तमानपत्र पाहिले नाही त्यालाही संदर्भ लागावा म्हणून आदल्या दिवशीचे थोडेफार आज पुन्हा सांगितले जाई. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढले तेव्हा महिनोन्‌महिने चाललेली अशी एकेक कथा ठरावीक पानांच्या पुस्तिकेत बसवायची होती. पुनरुक्तीच्या चौकटी गेल्या ते ठीकच झाले. परंतु पानांचा हिशेब जुळवताना कधी कधी कामाच्या चौकटीही गेल्या. आपली बाडे पुन्हा चाळून पाहा. एका चौकटीत वेताळ कवटीच्या गुहेतील सिंहासनावर बसलेला आहे आणि लगेच पुढच्या चौकटीत तो अंगावर ओव्हरकोट, डोक्यावर हॅट आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवून शहराच्या रस्त्याने चालला आहे, असे दिसले की मधला मजकूर संपादकाच्या कात्रीखाली गेला असण्याची शक्यता बरीच आहे.

आता पहिला प्रश्न. वेताळाची गोष्ट १९९० मध्ये संपली नाही; ती मराठीत येणे संपले. धुळ्याकडच्या फडबागायतीच्या भाषेत सांगायचे, तर पांझरेला पाणी होते, आपल्या फडाकडे येणारा पाट तेवढा बंद झाला. ली फॉक १३ मार्च १९९९ रोजी निधन होईपर्यंत ती कथा लिहीत राहिले. आपल्या बाडांतील बऱ्याच कथा ज्यांच्या हातच्या आहेत ते साय बॅरी १९६१ पासून १९९४ पर्यंत रोजची पट्टी काढत होते, आणि फॉक यांच्यानंतर टोनी डीपॉल यांनी लेखन हाती घेऊन मालिका चालू ठेवली. ऑस्ट्रेलियात तर फ्रू नावाचे प्रकाशन १९४८ पासून वेताळाच्या पुस्तिका काढत आले आहे. म्हणजे जी गोष्ट भुसावळच्या स्टॉलवर अर्धवट राहिली, ती बाहेर कोठेही अडलेली नव्हती. इंग्रजी वाचण्याची तयारी असेल, तर जुन्या पट्ट्यांचे एकही चौकट न गाळलेले संग्रह आता मिळतात. गाळलेल्या जागा त्यांत भरून निघतील.

खरी हळहळ वाटावी अशी गोष्ट निराळी आहे आणि पत्रात तिचा उल्लेख नाही. त्याच इंद्रजालमध्ये १९७६ पासून बहादूर येत असे. आबिद सुरती यांनी तो निर्माण केला होता आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याची चित्रे काढली होती. डाकूचा मुलगा, चंबळचा मुलूख, गावकऱ्यांना हाताशी धरून उभे केलेले नागरिकांचे दल, हे सारे येथलेच होते. वेताळाला आणि इंद्रजालमध्येच येणाऱ्या जादूगार मॅन्ड्रेकला अमेरिकेत स्वतःचे घर होते. बहादूरचे घर म्हणजे इंद्रजालच. ते पडल्यावर त्याला दुसरीकडे जायला जागा उरली नाही. त्याच्या कथा बहुधा एका अंकात पुऱ्या होत, म्हणून त्याचे थांबणे वाचकाला टोचले नाही एवढेच. १९९० मध्ये मराठी वाचकाच्या हातून नक्की कोण सुटले, असे कोणी विचारले तर आम्ही बहादूरचे नाव घेऊ.

मॅन्ड्रेकचे म्हणाल, तर तो मात्र स्वतःच्या घरीही अर्ध्या वाटेवर थांबला. चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स निवृत्त झाले आणि ६ जुलै २०१३ रोजी चालू कथा मध्येच सोडून रोजची पट्टी बंद पडली. पुढच्या दिवसांत तिच्या जागी जुनी कथा पुन्हा छापायला सुरुवात झाली. १९३४ पासून चाललेल्या मालिकेला निरोपाची एक चौकटही मिळू नये, हे आम्हाला तरी फार लागले.

जाता जाता एक विनंती. ती बाडे स्कॅन करण्यासाठी शिवण उसवू नका. जुन्या कागदाची कड सुतळीपाशीच प्रथम तुटते आणि एकदा पाने सुटी झाली की ती तशीच पडून राहतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘बर्सर्क’ या जपानी मालिकेचे लेखक गेल्यावर त्यांच्या मित्राने ती पुढे चालू ठेवली आहे. माझा खोलीवरचा मित्र म्हणतो, की लेखक गेला तेथे मालिका संपली, टिनटिनच्या बाबतीत झाले तेच योग्य. आम्हा दोघांपैकी कोणाचे बरोबर? (जळगाव)

उत्तर : या वादात दोघेही बरोबर ठरू शकतात, कारण दोन्ही ठिकाणी मागे उरलेला ऐवज निराळा आहे.

टिनटिनचे कर्ते हर्जे यांचे निधन ३ मार्च १९८३ रोजी झाले तेव्हा टिनटिनची चोविसावी कथा त्यांच्या मेजावर होती. बनावट चित्रांच्या धंद्यावरील ही कथा १९८६ मध्ये त्यांच्या पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनांसह, होती तशीच, प्रसिद्ध झाली. तिचे शेवटचे पान ज्याने पाहिले आहे तो ते विसरत नाही. टिनटिनला पिस्तुलाच्या धाकाने नेले जात आहे. त्याच्या अंगावर पातळ पॉलिएस्टर ओतून त्याचा पुतळा करायचा आणि तो कलावस्तू म्हणून खपवायचा, असा खलनायकाचा बेत आहे. आणि तेथेच पेन्सिल थांबली आहे. त्यांचे वर्षानुवर्षांचे सहकारी बॉब द मूर कथा पुरी करायला तयार होते. परंतु आपल्यामागे टिनटिन दुसऱ्या कोणी काढू नये, अशी हर्जे यांची इच्छा होती आणि त्यांच्या पत्नी फॅनी यांनी अखेर तीच प्रमाण मानली. पुढे कॅनडातील एका चित्रकाराने आपल्या परीने शेवट रचून पाहिला, पण त्याला अधिकृत मान्यता नाही.

केंतारो मिउरा यांचे ६ मे २०२१ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, महाधमनी फाटून निधन झाले. १९८९ पासून चाललेली ‘बर्सर्क’ तेव्हा शेवटापासून दूर होती. मात्र शाळेपासूनचे मित्र कोजी मोरी यांना त्यांनी फार वर्षांपूर्वी सबंध गोष्ट तोंडी सांगून ठेवली होती. जून २०२२ मध्ये मालिका पुन्हा सुरू करताना मोरी यांनी जाहीर केले, की मिउरा यांनी आपल्याला सांगितले तेवढेच आपण देऊ, पदरचे घालणार नाही; चित्रे मिउरा यांच्याच हाताखाली तयार झालेले सहायक काढतात. हर्जे यांनी मागे मनाई ठेवली आणि मिउरा यांनी मागे गोष्ट ठेवली. ज्याच्यापाशी जे ठेवले होते, त्याने ते पाळले.

वाचक म्हणून आमचे मत विचाराल, तर मिउरा यांच्या हातचे शेवटचे, ३६४ वे प्रकरण संपते तेथे समासात पेन्सिलीची एक बारीक खूण करावी आणि मग पुढे वाचावे. पुढील प्रकरणांत कथेचा सांगाडा मिउरांचा आहे, पण एखादी चौकट मध्येच लांबवून वाचकाला तिच्यात अडकवून ठेवण्याची त्यांची सवय उसनी आणता येत नाही. हे दोष दाखवणे नव्हे. गावाकडे एखाद्याने निरोप आणला तर आपण निरोप ऐकतो, त्याच्या तोंडून मूळ माणसाचा आवाज यावा असा हट्ट धरत नाही.

तिसरे एक उदाहरण मित्रालाही दाखवा. ॲस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथेचे लेखक गोसिनी ५ नोव्हेंबर १९७७ रोजी अकस्मात गेले, तेव्हा बेल्जियममधील कथेचे लेखन झालेले होते आणि चित्रे अर्धी बाकी होती. चित्रकार उदेर्झो यांनी ती पूर्ण केली आणि १९७९ मध्ये पुस्तक आले. त्यात एका ठिकाणापासून आभाळ भरून येते आणि पाऊस लागतो, तो पुढे चालूच राहतो. कथेला त्या पावसाची काही गरज नाही. लेखक गेल्यानंतर काढलेली पाने कोणती, हे उदेर्झो यांनी शब्दही न लिहिता वाचकाला सांगून टाकले आहे. आपण समासात पेन्सिलीने करायची ती खूण त्यांनी चित्रातच करून ठेवली.

प्रश्न : ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाची गोष्ट शेवटी कधी आणि कशी संपली? आमच्या घरात यावर पैज लागली आहे. (अमळनेर)

उत्तर : पैज कोणीच जिंकली नाही, कारण ‘चांदोबा’त ती संपवायचीच नव्हती. ती चित्रकथाही नव्हे, सचित्र कथा होती, परंतु के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर यांनी काढलेले ते चित्र, एका हातात उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला राजा, इतके मनात बसले आहे, की पुष्कळांना सगळी गोष्ट चित्रांतच पाहिल्यासारखी वाटते. मूळ वेताळपंचविशीला मात्र शेवट आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ती येते. शेवटच्या कोड्यात एक बाप आणि त्याचा मुलगा परक्या मायलेकींशी लग्न करतात, बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी, आणि त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि गप्प राहिल्यामुळेच अट पुरी होते. मग वेताळ त्याला कपटी भिक्षूचा डाव सांगतो आणि राजा त्या भिक्षूलाच संपवतो. मासिकाला हा शेवट परवडणारा नव्हता. दर महिन्याला नवे कोडे घालून प्रेत पुन्हा झाडावर लटकत राहिले, आणि ज्याच्या घरी मासिक येईनासे झाले त्याच्यापुरता राजा आजही स्मशानाच्या वाटेवर आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. हट्टाने जपानी चित्रकथांचे भाग घ्यायला लावतो, पंधरा-वीस भाग वाचतो आणि सोडून देतो. घेतलेले काम तडीस न्यावे, असे त्याला कसे समजवावे? (चोपडा)

उत्तर : ताई, वाचन हे घेतलेले काम नव्हे. ‘वन पीस’सारखी मालिका १९९७ पासून चालू आहे आणि तिचे शंभराहून अधिक भाग निघाले आहेत, नववीतला मुलगा ती सुरू करतो आणि सोडतो तेव्हा दोष त्याच्या चिकाटीचा नसून बहुधा त्याचे वय पुढे सरकलेले असते. पैशाची गोष्ट मात्र रास्त आहे. पहिले तीन भाग कोणाकडून तरी मागून वाचायचे, चौथा स्वतःचा घ्यायचा, आणि सुटलेली मालिका दुसऱ्या मुलाला निम्म्या किमतीत द्यायची, एवढा नियम घरात पुरेसा आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयाजवळ भाड्याने पुस्तके देण्याचे लहान दुकान चालवतो. मालिका अपुरी असल्याचे शेवटच्या भागावर कळले, की मुले माझ्यावर चिडतात आणि पैसे परत मागतात. (धुळे)

उत्तर : मुलांचे चिडणे अगदीच अवाजवी नाही. पहिल्या भागाच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी डकवा आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहा : या मालिकेचे इतके भाग आहेत, शेवट झालेला आहे अथवा नाही, आणि नसल्यास कोणत्या वर्षापासून पुढे काही आलेले नाही. उदाहरणार्थ आई याझावा यांची ‘नाना’ : भाग २१, लेखिकेच्या आजारपणामुळे २००९ पासून थांबलेली. (हे शीर्षक पाहून आपल्याकडील कोणी ते एखाद्या वडीलधाऱ्या नानांचे चरित्र समजू नये, ती एकाच नावाच्या दोन तरुण मुलींची गोष्ट आहे.) किंवा ‘व्हॅगाबाँड’ : भाग ३७, २०१५ पासून थांबलेली.

चिठ्ठीमुळे गिऱ्हाईक कमी होईल ही भीती बाळगू नका. अपुरी आहे हे आधी कळले, तर वाचक वेगळ्या बेताने वाचतो. शिवाय अपुऱ्या मालिका सगळ्या एका जातीच्या नसतात, आणि हे चिठ्ठीत सांगितलेत तर तुमच्या दुकानाची पत वाढेल. ओसामु तेझुका यांची ‘फिनिक्स’ पाहा. एक कथा अतिप्राचीन काळातली, दुसरी दूरच्या भविष्यातली, तिसरी पुन्हा भूतकाळातली पण थोडी अलीकडची, अशी दोन्ही टोकांकडून आत सरकत ही मालिका शेवटी वर्तमानकाळात येऊन मिळायची होती. तेझुका ९ फेब्रुवारी १९८९ रोजी गेले आणि मधली, आपल्याच काळाची, जागा रिकामी राहिली. परंतु तिचा प्रत्येक खंड स्वतःपुरता पुरा आहे. अशी मालिका अपुरी असूनही बेलाशक भाड्याने द्यावी; ‘नाना’ देताना मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघून द्यावी.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात शिक्षक होतो. शाळेच्या भित्तिपत्रकावर दर सोमवारी कार्डशीटवर एक चित्रकथा काढून लावत असे. सारंगखेड्याच्या यात्रेत हरवलेल्या शिंगराची गोष्ट होती आणि फुग्यांतील संवाद अहिराणीत होते. चाळीस पाने करायचा बेत होता. नवव्या पानानंतर माझी बदली झाली. त्याला दोन वर्षे झाली, तरी तिकडची मुले कोठे भेटली की विचारतात, ‘सर, मंग काय व्हयनं?’ आता चाळीस पाने काढण्याइतका वेळ नाही आणि अर्धेमुर्धे काही द्यायला मन घेत नाही. काय करावे? (नंदुरबार)

उत्तर : सर, आज आलेल्या पत्रांत आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले ते आपले, कारण येथे विचारणारे वाचक हाकेच्या अंतरावर आहेत आणि सांगणाराही धडधाकट आहे.

चाळीसचा आकडाच आपल्याला नडला. ॲलन मूर यांच्यासारख्या नामवंत लेखकानेही १९९० मध्ये ‘बिग नंबर्स’ नावाची मालिका बारा अंकांची म्हणून जाहीर केली आणि तिचे दोनच अंक निघाले. बिल सिनकेविच यांनी त्या अंकांत एकेका चौकटीवर जी मेहनत घेतली आहे, ती पाहिली की बारा अंकांचा भार कसा पेलणार होता, असाच प्रश्न पडतो. भित्तिपत्रकाला तर सुट्ट्या, परीक्षा आणि बदल्या हे तीन शत्रू कायमचे. पुढच्या वेळी सात पानांची गोष्ट घ्या.

या वेळचे म्हणाल, तर राहिलेली एकतीस पाने विसरा आणि दोनच पाने काढा. पाठीच्या दुखण्यामुळे ज्यांची ‘हंटर बाय हंटर’ वर्षानुवर्षे थांबत-थांबत चालली आहे, त्या योशिहिरो तोगाशी यांनी २०२३ मध्ये मालिकेसाठी आपण योजलेल्या पण बाजूला ठेवलेल्या शेवटांपैकी एक जाहीर सांगून टाकला, अशासाठी की आपले काही बरेवाईट झाले तर वाचकांच्या हाती अगदीच काही नाही असे होऊ नये. आपल्याला तर काहीच राखून ठेवायचे नाही. पहिल्या पानावर मधला प्रवास सहा चौकटींत उरकावा : यात्रेतील घोड्यांचा बाजार, तापीचा काठ, शिंगराला कोणी पाहिले आणि ते कोणत्या वाटेने गेले. दुसरे पान शेवटाचे. वेळ नसेल तर शाई आणि रंग दोन्ही सोडून द्या, पेन्सिलीवरच ठेवा. हर्जे यांची ती शेवटची पाने पेन्सिलीचीच आहेत आणि ती पाहताना कोणाचेही रंगावाचून अडलेले नाही. मुलांचेही अडणार नाही. फुगे मात्र सगळे भरा आणि अहिराणीतच भरा, कारण मुलांनी दोन वर्षे जो प्रश्न लक्षात ठेवला आहे तो त्या बोलीत आहे.

पाने टपालाने शाळेत पाठवू नका. पहिली नऊ पाने एव्हाना उतरवली गेली असतील आणि ज्या मुलांनी ती पाहिली होती त्यांतली काही पुढच्या शाळेत गेली असतील. दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढून दप्तरात ठेवा आणि ज्याने विचारले त्याच्या हातात द्या. एक प्रत आमच्याकडेही पाठवावी, कारण पत्र वाचल्यापासून कार्यालयातही त्या शिंगराची चौकशी सुरू झाली आहे.